प्रमिलाताई, आपलं भांडण अर्धंच राहिलं

ताई, दापोड्याच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. तुझ्या भावांनी लावला. तुझा रंग चांगला उजळ करून घेतलाय, कपाळावरची लहानपणीची खोक पुसून टाकलीय आणि नावाआधी 'थोर समाजसेविका' असं लिहिलंय. खाली सगळ्या पुतण्यांचे फोटो, तुझ्या फोटोपेक्षा जरासेच लहान. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "लले, मेल्यावर बाय गोरी झाली गो." मला हसू आलं नाही. पुढे गोडाऊनला जाणाऱ्या कंटेनरांची रांग लागली होती, रिक्षा हलत नव्हती, आणि तुझ्या त्या गोऱ्या, गुळगुळीत तोंडाकडे बघत बसण्यावाचून काही इलाज नव्हता.

समाजसेविका म्हटलेलं तुला खपायचं नाही. काय करता असं कुणी विचारलं की तू सांगायचीस, "पोरींशी बोलणाऱ्यांना बोलायला शिकवते." समोरच्याला काही कळायचं नाही, आणि तूही पुढे समजावत बसायची नाहीस. तुझ्याकडे यायच्या अंगणवाडीच्या सेविका, आश्रमशाळांच्या अधीक्षिका, शाळेतले मास्तर, संस्थांमध्ये नव्याने लागलेल्या मुली, मधूनच एखादा हवालदार. घरातून पळालेली, मार खाल्लेली, नको तिथे लग्न लावून दिलेली, कामाला जुंपलेली पोरं ज्यांच्या दारात येऊन उभी राहतात ती ही माणसं. त्या पोरांसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. ते तू शिकवायचीस.

आपलं ट्रेनिंग कायम शुक्रवारी. शाळेच्या वरच्या हॉलला लागूनच कारखाना, आणि शुक्रवारी तिथले यंत्रमाग, लूम, बंद असतात म्हणून. इतर दिवशी तिथे ओरडून बोलावं लागतं, आणि "पोरीशी ओरडून बोलायला शिकवू काय?" असं तुझं म्हणणं. मी पहिल्यांदा आले तेव्हा वज्रेश्वरीजवळच्या आमच्या गावातून एसटीने आले होते. हातात नवीकोरी पर्स. तू मला सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलंस आणि स्वतः पोरगी झालीस. चाळिशी उलटलेली बाई, पण खांदे असे आत ओढून घेतलेस, ओढणी समजून पदराचं टोक असं दातांत धरलंस, की मला खरंच समोर घाबरलेली मुलगी दिसली. मी म्हटलं, "काय झालं बाळा?" तू डोळे वर न करता म्हणालीस, "बाळ कुणाला बोलतेस? मला वळखतेस काय?" सगळा हॉल हसला. मी रडकुंडीला आले. दुपारी तू तुझ्या डब्यातली बोंबलाची चटणी माझ्या भाकरीवर वाढलीस आणि म्हणालीस, "तू येशील पुन्हा. ज्यांना रडू येतं ती येतात." मी आले, आणि पुढे तुझ्याबरोबर ट्रेनिंग घ्यायला लागले.

पहिल्याच दिवशी तू एक वाक्य पाठ करून घ्यायचीस. मुलगी म्हणेल, कुणाला सांगू नका. तेव्हा 'नाही सांगणार' असं वचन कधीच द्यायचं नाही. तिला स्पष्ट सांगायचं, की तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, तर ते मला पुढे सांगावं लागेल, पण तुला विचारून, तुझ्यासोबत राहून सांगेन. कायदाही तसाच आहे. पण तू कायद्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचीस. "ज्या पोरीला आजवर सगळेच खोटं बोलले, तिच्याशी आपण तरी खोटं बोलायचं न्हाय," असं सांगून थांबायचीस. मला ते तेव्हा इतकं पटलं होतं, की मी घरी आईलाही ऐकवलं होतं.

मग नीलम आली.

नीलम आपल्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात चांगली मुलगी होती, हे तूही म्हणायचीस. वस्तीतलं मुलींचं केंद्र आपण तिच्यावर सोपवलं. दुपारी तिथे मुली शिवण शिकायला यायच्या. त्यातच होती खुशबू. सोळा वर्षांची. उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, बाप लूमवर, आई घरी धागे कापायची. खुशबू आठवीनंतर शाळा सोडून कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला जायची आणि सुटली की केंद्रावर. बोलकी होती. सतत नीलमच्या मागे मागे असायची. एका दुपारी सगळ्या मुली गेल्यावर ती मागे थांबली. मशीनवर कापड झाकून ठेवता ठेवता म्हणाली, "दीदी, एक बात बोलनी है. किसी को बोलोगी तो नहीं?"

आणि नीलमने तू शिकवलेलं वाक्य म्हटलं. चुकीच्या सुरात नाही, घाईत नाही. हात धरून, मायेने म्हटलं. "तेरी जान को खतरा हुआ तो मुझे बताना पड़ेगा, खुशबू. पर तुझे पूछके."

खुशबू म्हणाली, "तो फिर कुछ नहीं." हसली सुद्धा. चप्पल घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशीही आली, त्यानंतरही येत राहिली. नीलमने दोन-तीनदा विषय काढून बघितला. "अरे दीदी, ऐसे ही," एवढंच. नीलमने तुला फोनवर सांगितलं, तू म्हणालीस, "मागे लागू नको, दार उघडं ठेव." तेही बरोबरच होतं. पुढच्याच महिन्यात खुशबूने स्वतःला संपवलं.

ती काय सांगणार होती ते आजही कुणाला माहीत नाही. पोलिसांनी घरगुती कारण लिहिलं. कारखान्यात विचारलं, सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. शेजारच्या बायका वेगवेगळं बोलल्या, आणि प्रत्येकीचं दुसरीशी जुळत नव्हतं.

आपण तिघी तिच्या घरी गेलो ती दुपार तुलाही सुटली नसणार. पत्र्याची खोली, शेजारी कारखाना चालू, जमीन पायाखाली थरथरत होती. बाप भिंतीकडे तोंड करून बसलेला. आईने आपल्याला पाणी दिलं. मग नीलमसमोर येऊन बसली आणि विचारलं, "दीदी, आपको तो सब बताती थी. कुछ बोली थी क्या?"

नीलमने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नीलम 'नहीं' म्हणणार होती, ओठ तसे झालेही होते. आणि ते खरंच होतं, खुशबू काही बोललीच नव्हती. पण तू मध्ये बोललीस. तुझ्या त्या मोडक्या हिंदीत तू आईला सगळं सांगितलंस. की ती सांगायला आली होती. की आम्ही कुणाला वचन देत नाही. की आम्ही तिला तसं स्पष्ट सांगितलं आणि मग ती बोलली नाही. की नीलमला तसं बोलायला मी शिकवलंय, त्यामुळे जे विचारायचं ते मला विचारा.

आईला आधी समजलंच नाही, मग समजलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "तो झूठ बोल देते ना, बहनजी. एक झूठ. बच्ची से तो सब बोलते हैं."

तू हात जोडलेस. आपण बाहेर आलो. नीलम बोळातच भिंतीला टेकली, तू तिची पाठ चोळत उभी राहिलीस. मला तुझा इतका राग आला होता, ताई. त्या बाईला हे कळायची काय गरज होती? तिने उरलेला जन्म हे डोक्यात घेऊन काढायचा, फक्त तुझ्या खरं बोलण्यासाठी?

तुला मी ते रिक्षातच विचारलं. तू म्हणालीस, "तिने विचारलं, लले." बास. एवढंच.

नीलमने नोकरी सोडली. तू तिच्या घरी जाऊन आलीस, ती तुला भेटली नाही, आईला पुढे करून आत बसून राहिली. आणि मी तुझ्या मागे लागले, हे वाक्य बदल म्हणून. किती ठिकाणी भांडलो आपण. शाळेच्या जिन्यात, तुझ्या ओसरीवर, फोनवर. सगळ्यात मोठं भांडण कुंडावर. तुझे गुडघे धरले होते, म्हणून तुला वज्रेश्वरीला घेऊन आले होते. गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो, आजूबाजूला आंघोळीला आलेल्या लोकांची गर्दी, मुलं ओरडत होती, आणि तू अचानक मला ती वसतिगृहातली गोष्ट सांगितलीस, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हतीस.

तू तेव्हा नवीन होतीस. वसतिगृहातल्या एका मुलीने तुझ्याकडून वचन घेतलं आणि मग सांगितलं, की मामा काय करतो. तू वचन मोडलंस. मोडावंच लागलं, सुट्टीत ती त्याच मामाकडे जाणार होती. मामाला पकडून नेलं, मुलगी वाचली. पण ज्या दिवशी तुझ्यासोबत पोलीस आत आले, त्या दिवसापासून ती कुणाही मोठ्या माणसाशी धड बोलली नाही. ना डॉक्टरशी, ना कोर्टात, ना पुढे नवऱ्याशी. "अजून बाजारात दिसते," तू म्हणालीस. "मला बघितलं की तोंड फिरवते. पोर कडेवर असतं, ते माझ्याकडं बघून हसतं, आन् ती त्याचंही तोंड फिरवते. मी मारलं गो तिला, लले. आतून."

मी म्हटलं, "पण जिवंत आहे ना ताई? बाजारात जाते, पोर आहे. जिवंत आहे ना ती?"

तू पाण्यातून पाय काढलेस. पदराने पुसलेस. आपण स्टँडवर आलो, तुझी एसटी लागली होती. तू वळून न बघता चढलीस.

मला अजूनही तो प्रश्न बरोबर वाटतो. आणि तुला तो किती लागला असेल तेही कळतं. दोन्ही एकदम.

त्यानंतरच्या नव्या तुकडीच्या पहिल्याच दिवशी तू नेहमीसारखी पोरगी होऊन खुर्चीत बसलीस. समोर एक तरुण शिक्षिका, चांगली तयारी करून आलेली. तू म्हणालीस, "किसी को बोलोगी तो नहीं?" शिक्षिकेने वाक्य बरोबर म्हटलं. तू हसलीस, "तो फिर कुछ नहीं," म्हणालीस, चपला घातल्यास आणि हॉलच्या बाहेर गेलीस. सगळे हसले. हवालदाराने टाळीसुद्धा वाजवली. मग सगळे वाट बघत बसले. तू येईनास. कुणी मोबाइल काढला, कुणी पाणी प्यायला उठलं. शेवटी मीच खाली आले. बंद कारखान्याच्या शटरपाशी तू पायरीवर बसली होतीस.

"एवढी माणसं," तू म्हणालीस. "एक माझ्यामागं आलं न्हाय."

मी म्हटलं, "त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं नाटक आहे."

"नीलमलाही काय माहीत होतं?"

तू वर गेलीस आणि त्यांना तेच शिकवलंस. मुलगी 'कुछ नहीं' म्हणून उठली की आपलं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. उठायचं. दारापर्यंत जायचं, जमलं तर वळणापर्यंत. काही विचारायचं नाही. उद्या मी कुठे, किती वाजता असेन तेवढं सांगायचं. दुसऱ्या दिवशी खरंच तिथे असायचं. चांगलं शिकवलंस. शिक्षिका रडली. पण मला ते सहन झालं नाही. खुशबूला मरून वर्ष नव्हतं झालं आणि तू तिचे शब्द तोंडात घेऊन तिची चाल चालून दाखवत होतीस. मी तुला तसं म्हणाले, सगळे गेल्यावर. "तिचा धडा केलास तू. वाक्य बदलायचं नाही म्हणून त्याला ठिगळ लावलंस."

तू खुर्च्या एकात एक लावत होतीस. म्हणालीस, "मग काय करू? तिचं काहीच करू नको?"

त्यानंतर मी ट्रेनिंगला येणं बंद केलं. आपल्या केंद्राचं काम करत राहिले. कुणाकुणाकडून निरोप यायचे, ताई विचारत होती. माझे बाबा गेले तेव्हा मात्र तू न बोलावता आलीस. दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन गाड्या बदलून. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, समजूत काढत होत्या. तू मागच्या पडवीत जाऊन बसलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चहाची भांडी घासलीस. संध्याकाळच्या गाडीपर्यंत. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मला त्या दिवसातलं दुसरं कुणीच आठवत नाही. निघताना तुझे हात राखेने काळे झाले होते. तेव्हा तरी मी काही बोलायला हवं होतं, असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी आपलं सगळं नीट होतं.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली, आणि सगळंच भराभर झालं. ठाण्याच्या हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा तू उशीएवढी झाली होतीस. तुझी वहिनी तुला भाताची पेज भरवत होती, तू तिला हाताने दूर केलंस. मला बघून म्हणालीस, "आली भांडकुदळ."

"हाय का बरी?" मी तुझ्याच बोलीत विचारलं.

"न्हाय." मग थोडा दम घेऊन, "ट्रेनिंग तू घे आता."

"तुझं वाक्य मी नाही शिकवणार, ताई."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडता विचारलंस, "मग काय शिकवशील?"

इतके महिने भांडत होते, पण दुसरं वाक्य माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात नर्स आली, तुला तपासणीला न्यायचं होतं. वहिनीने मला बाहेर जायला सांगितलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये जाताना तू हात वर केलास, 'जा' म्हणून की 'थांब' म्हणून, ते मला कळलं नाही. दोन दिवसांनी तू गेलीस.

तुझ्या उत्तरकार्याला नीलम आली होती. मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये लागलीय, पार्सलं स्कॅन करते. ड्युटीवरून तशीच आली होती, कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मांडवाच्या कडेला उभी होती. मी तिला जेवायला बसवलं. विचारलं, कसं चाललंय. म्हणाली, "बरं आहे मॅडम. तिथे मला कुणी काही सांगत नाही. बॉक्स असतात." मग पत्रावळीकडे बघत म्हणाली, "ताईंनी त्या दिवशी खुशबूच्या आईला सांगितलं ते बरं केलं. नाहीतर ते माझ्याकडेच राहिलं असतं." मला वाटलं होतं, तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त राग तिचा असेल. हे तुला सांगायचं होतं. इतर काही नाही तरी एवढं तू ऐकायला हवं होतंस.

गेल्या शुक्रवारी मी ट्रेनिंग घेतलं. हॉल तोच, समोर नव्या सेविका, दोन मास्तर, बालगृहात नुकतीच लागलेली एक मुलगी. मी खुर्चीत बसले नाही. तुझ्यासारखी पोरगी मला होता येत नाही. मी त्यांना खुशबूची गोष्ट सांगितली, नाव बदलून, पण सगळी. वाक्य सांगितलं. तिच्या आईचं बोलणंही सांगितलं, तिच्याच शब्दांत.

मागच्या रांगेतल्या एक वयस्कर सेविका म्हणाल्या, "आईचं बरोबर हाय. आधी पोर वाचवायची, मग खरं-खोटं."

बालगृहातली मुलगी म्हणाली, "मग दुसऱ्या मुलीला काय सांगायचं? त्यांना एकमेकींचं सगळं कळतं."

"दुसरी यायला पहिली राहिली पायजे ना."

"आणि पहिलीला दोन दिवसांनी कळलं की आपण फसवलं, तेव्हा?"

मग सगळेच बोलायला लागले. मास्तर आपसात भांडले. चहा गार झाला. जेवणातही तेच, पायऱ्यांवरही तेच. दोघी अबोला धरून वेगवेगळ्या रिक्षांनी गेल्या. शेवटी बालगृहातल्या मुलीने मला सरळ विचारलं, "मॅडम, पण आम्ही काय बोलायचं? वचन द्यायचं की नाही?"

ताई, मी तिला तुझंच वाक्य दिलं. शब्दाला शब्द. उठून मागे जायचं तेही सांगितलं, आणि खुशबूच्या मागे त्या दिवशी कुणी गेलं असतं तरी ती वाचलीच असती असं मला छातीठोक म्हणता येत नाही, हेही सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते आवडलं नव्हतं. मला बरं वाटलं.

माझं मत बदललेलं नाही. मी अजूनही त्या आईच्या बाजूची आहे. त्या दुपारी केंद्रावर मी असते आणि खुशबू माझ्यासमोर असती, तर मी खोटं बोलले असते असं मला रोज वाटतं. आणि काल केंद्रावर एक नवीन मुलगी आली, दाराशीच उभी राहिली, आत येईना. मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मी कुणाला सांगणार तर नाही ना. मी तिला खरं सांगितलं.

ती गेली नाही. अजून तरी काही बोललेली नाही.